नाळेवरचें दालन

प्रवासांत पुढची जागा मिळावी ही इच्छा मनुष्याच्या ठिकाणीं बाळपणापासूनच असते. बैलगाडींत गाडीवानाच्या शेजारीं, एस. टी. च्या गाडींत चालकाच्या डाव्या हाताच्या बांकावर, आगगाडींत इंजिनाच्या बाजूस तोंड करून बसावयास मिळावें म्हणून भावंडांचीं केवढालीं भांडणें होतात, हें प्रत्येक घरास ठाऊक आहे. मोठेपणीं तीच जागा पैसे मोजून मिळूं लागली म्हणजे शहाण्यासुरत्या माणसांचेंही तारतम्य कसें सुटतें, याचें एक उदाहरण गेल्या वर्षीं आमच्याच घरांत घडलें. तें सांगितल्यानें वाचकांची थोडी करमणूक होईल, आणि घरांतील वडील माणसांना घेऊन ज्यांना समुद्रपर्यटनास जावयाचें असेल त्यांना चार उपयुक्त गोष्टीही कळतील, अशा समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

आमचे धाकटे बंधु कॅनडांतील व्हँकूव्हर शहरीं बरींच वर्षें स्थायिक आहेत. त्यांनीं गेल्या उन्हाळ्यांत आमच्या मातोश्रींना व आम्हां उभयतांना तिकडे बोलाविलें, आणि सर्व कुटुंबानें मिळून अलास्काच्या हिमनद्या पाहून याव्या म्हणून सात रात्रींच्या जलसफरीचा बेत ठरविला. मातोश्रींचें वय एक्क्याऐंशी वर्षांचें. दृष्टि चांगली, स्मरणशक्ति त्याहून चांगली. पण गुडघे थकलेले, आणि गार वाऱ्यांत दहा मिनिटें उभें राहणेंही अशक्य. वडील असतांना बदरीकेदारची यात्रा दोनदां ठरली आणि दोनदां राहिली. तेव्हांपासून “बर्फाचा डोंगर एकदां डोळ्यांनीं बघायचा आहे,” असें त्या अधूनमधून म्हणत. अशी संधि पुन्हां येईल असें मानण्याचे दिवस आतां राहिले नव्हते.

या बोटी म्हणजे पाण्यावर तरंगणारीं लहानशीं गांवेंच होत. आमची बोट नऊशें फुटांहून लांब आणि दहाबारा मजली होती. तिच्यावरील खोल्यांचे प्रकार मुख्यतः चार: आंतली, बिनखिडकीची, बाहेरली, पण न उघडणाऱ्या कांचेची, सज्ज्याची, आणि बैठकीची जागा निराळी असलेली प्रशस्त, जिला तिकडे ‘स्वीट’ म्हणतात. आपण तिला दालन म्हणूं. बहुतेक खोल्यांचीं तोंडें बोटीच्या उजव्या किंवा डाव्या कुशीकडे असतात. मात्र थोडींशीं दालनें अगदीं टोंकाला, कोंकणांतले तांडेल ज्या भागाला नाळ म्हणतात त्या भागावर, पुढें तोंड करून असतात. कप्तानाला जो समुद्र दिसतो तोच, त्याच दिशेनें, आपल्याला अंथरुणांतून दिसावा ही कल्पनाच मोठी मोहक. बंधूंनीं संगणकावर मजल्यामजल्यांचे नकाशे उघडून दाखविले, आणि आम्हां दोघां भावांची नजर एकाच चौकोनावर खिळली. भाडें दोन साध्या खोल्यांच्या भाड्याहून अधिक होतें. पण मातोश्रींना बाहेर वाऱ्यांत जावयास नको, खुर्चींत बसल्या बसल्या बर्फाचे डोंगर समोरून येतांना दिसतील, असा हिशेब आम्हीं मांडला.

मातोश्रींचें माहेर रत्नागिरीकडचें. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोंकण किनाऱ्यानें जाणाऱ्या बोटींतून त्या लहानपणीं, म्हणजे १९५० नंतरच्या दहा वर्षांत, कितीदां तरी गेल्या-आलेल्या. बोट धक्क्याला लागली कीं आमचे आजोबा वळकटी घेऊन धांवत, आणि डेकच्या बरोबर मध्यावर पथारी पसरून जागा धरीत. नाळेकडची जागा हवेशीर म्हणून नवखे लोक तिकडे जात, आणि दाभोळ येण्यापूर्वींच त्यांना बोट लागे. हें सर्व मातोश्रींच्या पक्कें ध्यानांत होतें. आमचा बेत ऐकून त्या म्हणाल्या, “मला कशाला पुढची खोली? बोटींत जागा धरायची ती मध्यावर. पुढं बसणारा आधीं उडतो.”

आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. त्या कोंकणच्या बोटी लहान, ही डोंगराएवढी. शिवाय हिच्या कुशींना पाण्याखालीं पंख असतात ते हिला डोलूं देत नाहींत, असें आम्हीं त्यांना मोठ्या अधिकारवाणीनें समजावून दिलें. त्यावर त्या कांहींच बोलल्या नाहींत.

वस्तुतः शास्त्र त्यांच्या बाजूचें होतें. लाटांवर बोट दोन प्रकारें हलते. एक, कुशींवर आडवें डोलणें; दुसरें, नाळ वर उचलली जाऊन पुन्हां खालीं बसणें. पाण्याखालचे पंख पहिलें डोलणें पुष्कळ कमी करतात, पण दुसऱ्यावर त्यांची मात्रा फारशी चालत नाहीं. मुलांच्या बागेंत खालींवर होणारी लांब फळी असते. तिच्या मध्याशीं बसलेलें मूल जेमतेम हलतें, टोंकाचें मूल मात्र हातभर उचललें जातें. बोटीचेंही तसेंच. ज्याला बोट लागते त्यानें मध्यावरची आणि पाण्याजवळच्या मजल्यावरची खोली घ्यावी, हा नियम आजच्या प्रचंड बोटींनाही लागू आहे. हें आम्हीं वाचलें नव्हतें असें नाहीं. परंतु जी जागा मनानें आधींच धरली आहे, तिच्या आड येणारें ज्ञान मनुष्य वाचतो, पण ऐकत नाहीं. आणि आतां मागें वळून पाहतां कबूल करावयास हवें कीं, मातोश्रींसाठीं म्हणून घेतलेल्या त्या दालनांत आमची स्वतःची लहानपणची हौसही बरीच होती.

बंधूंनीं आपल्यासाठीं, धाकट्या सूनबाईंसाठीं व दोन मुलांसाठीं बोटीच्या मध्यावरची, आमच्याहून तीन मजले खालची सज्ज्याची खोली घेतली, तीही पैसे वांचविण्याकरितां.

जूनच्या अखेरीस एका दुपारीं व्हँकूव्हरच्या कॅनडा प्लेस या धक्क्यावरून बोट निघाली. या धक्क्याच्या इमारतीचें छप्पर पांच पांढऱ्या शिडांच्या आकाराचें आहे. थोड्याच वेळांत १९३८ सालीं खुला झालेला लायन्स गेट पूल समोर आला. नाळेवरून तो प्रथम आडव्या ताणलेल्या दोरीसारखा दिसला, मग रुंदावत गेला, आणि बोटीचा माथा त्याला खास लागणार असें वाटत असतांनाच डोक्यावरून सरकून मागें गेला. मातोश्रींनीं नकळत मान खालीं घातली, आणि मग आपल्याशींच हंसल्या. एवढ्यानेंच निम्में भाडें वसूल झालें, असें आम्हीं बंधूंना बोलूनही दाखविलें.

परंतु दालनाच्या दोन उणिवा त्याच संध्याकाळीं कळून आल्या. पहिली वाऱ्याची. बोट ताशीं २० नॉट, म्हणजे सुमारें ३७ किलोमीटर वेगानें चालली असतां हवा अगदीं स्तब्ध असली तरी पुढच्या सज्ज्यावर तेवढा वारा अंगावर येतोच. आणि समोरूनही तितकाच वारा सुटला असेल तर तो ७४ किलोमीटरांचा होतो. सज्ज्याचें दार दोघांनीं मिळून ओढून लावावें लागलें, आणि वाळत घातलेला एक पंचा पॅसिफिकला अर्पण झाला. कुशीच्या सज्ज्यांना बोटीच्या अंगाचाच आडोसा असतो, तो येथें नाहीं. दुसरी उणीव कठड्याची. कुशीच्या सज्ज्यांचा कठडा कांचेचा होता. पुढच्या सज्ज्याचा, वारा आणि लाटा सोसण्यासाठीं, पोलादाचा. उभ्या माणसाला त्यावरून सर्व दिसे. खुर्चींत बसलेल्या ठेंगण्या मातोश्रींना मात्र आकाश आणि डोंगरांचे माथे तेवढे दिसत. ज्यांना बसून पाहतां यावें म्हणून दालन घेतलें, त्यांनाच बसून दिसेना! नकाशावर हा कठडा एका बारीक रेघेनें दाखविलेला होता. ती रेघ कांचेची कीं पोलादाची, हें विचारण्याचें आम्हांला सुचलें नव्हतें.

ही अडचण आमच्या दालनाची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणानें दूर केली. तो गोव्याचा, पेडण्याकडचा निघाला. मातोश्रींचें मराठी ऐकतांच त्याचा चेहरा फुलला, आणि त्या घटकेपासून त्या त्याच्या ‘आजी’ झाल्या. त्यानें कोठून तरी दोन जाड गाद्या पैदा करून खुर्चीवर घातल्या, पायांखालीं एक लांकडी पेटी ठेविली, आणि मातोश्रींना कांचेशीं नेऊन बसविलें. आतां पाणी दिसूं लागलें. मातोश्रींनीं रीतीप्रमाणें त्याची चौकशी केली. नऊ महिन्यांचा करार. घरीं आईवडील, बायको, आणि दोन वर्षांची मुलगी.

“आणि तूं झोंपतोस कुठं?” त्यांनीं विचारलें.

“तुमची खोली नि माझी खोली एकाच रांगेंत, आजी,” तो हंसून म्हणाला. “मी फक्त खालीं, पाण्याच्या रेषेच्या खालीं. आणि खिडकी नाहीं.”

तो गेल्यावर मातोश्री थोडा वेळ समोर पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पुढच्या जागेचा खरा मानकरी हाच.”

अंधार पडूं लागला तेव्हां दारांतून एक छापील पत्र आलें: पुढच्या खोल्यांतील उतारूंनीं दिवे लावण्यापूर्वीं पडदे ओढून घ्यावे. याचें कारण समजण्याजोगें आहे. सुकाणूची खोली आमच्या वरच्याच मजल्यावर. तेथें टेहळणी करणाऱ्यांच्या डोळ्यांना काळोखाचा पुरा सराव होण्यास अर्धा तास लागतो, आणि खालच्या खिडकींतला उजेड एका क्षणांत तो सराव मोडून टाकतो. तात्पर्य, नाळेवरच्या दालनांत राहणारानें रात्रीं एक तर पडदे ओढून आंधळ्या खोलींत राहावें, नाहीं तर दिवे मालवून काळोखांत बसावें. आम्हीं दुसरा मार्ग पत्करला, आणि त्याचें चीज झालें.

रात्रीं अकराच्या सुमारास बोट सेमूर नॅरोज या सामुद्रधुनींत शिरली. व्हँकूव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामधील या चिंचोळ्या वाटेंत भरती-ओहोटीचा ओढा १५ नॉटांपर्यंत जातो. म्हणून मोठ्या बोटी पाणी मंदावण्याची वेळ साधून येथून जातात. पूर्वीं या वाटेच्या मध्येंच रिपल रॉक नांवाचा खडक पाण्याखालीं दबा धरून होता. शंभरांहून अधिक लहानमोठ्या नौकांना त्यानें अपाय केला. शेवटीं समुद्रतळाच्या खालून भुयार खणून, खडकाच्या पोटांत १,२०० टनांहून अधिक स्फोटक द्रव्य भरून, ५ एप्रिल १९५८ रोजीं तो उडवून देण्यांत आला. दिवे मालवलेल्या दालनांत आम्ही सातही माणसें बसलों होतों. दोन्ही बाजूंचे काळे डोंगर जवळ जवळ येत होते. मध्यें उत्तरेकडच्या लांबलेल्या संधिप्रकाशाची पाण्यावर एक फिकट पट्टी, आणि त्या पट्टीच्या टोंकाशीं मार्ग दाखविणारा एक बारीक दिवा. मुलें आजीच्या पेटीशीं टेकून बसलीं होतीं. कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. नाळेवरचें दालन घेऊन आम्हीं चूक केली असें त्या रात्रीं कोणी म्हटलें असतें, तर आम्हांला पटलें नसतें.

पहाटे चारच्या पुढें व्हँकूव्हर बेटाचा आडोसा संपला, आणि बोट क्वीन शार्लट साउंडमध्यें आली. अलास्काची ही वाट बहुतेक बेटांच्या आंतून जाते आणि तेथें पाणी तळ्यासारखें असतें. पण येथें कांहीं तास महासागराच्या लाटा सरळ येऊन भिडतात. कपाटांतील टांगण्या एकमेकींवर खडखडूं लागल्या. पलंग हळूहळू वर उचलला जाई, क्षणभर थांबे, आणि मग पोटांत खड्डा पाडून खालीं जाई. नाळेवर लाट आपटली म्हणजे दूर कोठें मोठें कोठार बंद केल्यासारखा दबका आवाज येई. आम्ही उठून पाहतों तों मातोश्री पलंगावर उठून बसलेल्या, दोन्ही हातांनीं पलंगाचा कांठ घट्ट धरलेला, आणि तोंड पांढरें फटफटीत.

आलेपाकाची वडी दिली, लिंबू हुंगावयास दिलें. पोटांत कांहीं ठरेना. तासाभरांत घोटभर पाणीही राहीनासें झालें. एक्क्याऐंशी वर्षांच्या देहाला हें किती वेळ सोसेल, याचा विचार मनांत येऊन आमचे हातपाय गार पडले. बोटीवरच्या डॉक्टरांनीं येऊन औषध दिलें. पण खरा उपाय सांगितला तो पेडण्याच्या त्या मुलानें. हिरवीं सफरचंदें आणि कोरडीं बिस्किटें घेऊन तो आला, आणि दारांतूनच म्हणाला, “आजीला मध्यावर न्या.” त्यानें आणि आम्हीं मिळून मातोश्रींना चाकांच्या खुर्चींत बसविलें.

त्या लांबच लांब बोळांतून जातांना जें अनुभवास आलें तें आम्ही विसरणार नाहीं. नाळेजवळ पाऊल टाकावें तर जमीन कधीं वर येई, कधीं निसटून जाई. पन्नास पावलांवर तें कमी झालें. शंभर पावलांवर आणखी कमी. आणि तीन मजले उतरून बंधूंच्या खोलीशीं पोंचलों तेव्हां पायांखालची भुई घरच्यासारखी नव्हे, तरी ओळखीची वाटूं लागली. बोट तीच, समुद्र तोच, वेळ तीच. मातोश्रींनीं जें एका वाक्यांत सांगितलें होतें, तें आम्हीं दीडशें पावलें चालून शिकलों. सूनबाईंनीं अंथरूण घालून दिलें. कुशीवर वळून मातोश्रींनीं डोळे मिटले, आणि तासाभरानें त्यांना झोंप लागली. आम्ही उशाशीं बसून होतों. जागें झाल्यावर त्या आम्हांला बोल लावतील असें वाटलें होतें. त्यांनीं एवढेंच विचारलें, “मुलांनीं खाल्लं का कांहीं?” बोल लावला असता तर बरें झालें असतें.

मुलें मात्र तिकडे नाळेवरच्या दालनांत पलंगावर बसून प्रत्येक लाटेला आनंदानें ओरडत होतीं. त्या दिवसापासून अशी वाटणी झाली कीं, रात्रीं मातोश्री मध्यावरच्या खोलींत, सोबतीला सूनबाई. आणि मुलें पुढें आमच्यापाशीं.

जूनो आणि स्कॅग्वे हीं बंदरें झालीं. पांचव्या दिवशीं सकाळीं बोट ग्लेशियर बे या आखाताच्या तोंडाशीं आली. पाणी आरशासारखें होतें. मातोश्री आपण होऊन म्हणाल्या, “आज पुढं न्या मला.” गाद्यांची खुर्ची पुन्हां कांचेशीं मांडली गेली.

हा सर्व प्रदेश १९२५ सालीं राष्ट्रीय स्मारक म्हणून आणि १९८० सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला. दिवसाला दोहोंहून अधिक मोठ्या पर्यटन-बोटी येथें सोडीत नाहींत. उद्यानाचे अधिकारी लहानशा नावेंतून येऊन दोराच्या शिडीनें आमच्या बोटीवर चढले, आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगत होते. १७९४ सालीं कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेंतील लोक येथें आले तेव्हां आखात असें जवळजवळ नव्हतेंच. बर्फाच्या अजस्र भिंतीला पडलेली एक खांच तेवढी होती. १८७९ सालीं जॉन म्यूर येथें आला तोंवर बर्फ ४० मैलांहून अधिक मागें हटला होता, आणि १९१६ च्या सुमारास ६० मैलांहून अधिक. म्हणजे ज्या पाण्यावरून आम्ही चाललों होतों तें सर्व थोड्या पिढ्यांपूर्वीं बर्फाखालीं होतें.

नाळेवरून याचा अर्थ डोळ्यांना दिसत होता. आखाताच्या तोंडाशीं जमीन मोकळी होऊन दोनशें वर्षें झालीं. तेथें स्प्रूस आणि हेमलॉक वृक्षांचें दाट अरण्य. पुढें अल्डर आणि विलो यांचीं झुडपें. त्यापुढें शेवाळ आणि जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पति. आणि अगदीं शेवटीं नुकताच उघडा पडलेला राखाडी खडक. उघड्या जमिनीवर कोणत्या क्रमानें झाडें येतात, याचा अभ्यास विल्यम कूपर या शास्त्रज्ञानें १९१६ पासून येथें केला. राष्ट्रीय स्मारकाच्या मागणींतही त्याचा पुढाकार होता. कुशीच्या खिडकींतून हा देखावा तुकड्यातुकड्यांनीं सरकून जातो. समोरून तो सबंध दिसतो: दोन्ही कांठ जवळ गर्द हिरवे, दूर फिके, आणि त्याहून दूर उघडे. मातोश्री बराच वेळ पाहात होत्या. मग मुलांना म्हणाल्या, “आधीं म्हातारी जमीन, मग तरणी, आणि आतां ही तान्ही.” अधिकाऱ्यांच्या तासाभराच्या व्याख्यानाचें सार याहून सोपें करून सांगणें कठीण.

बर्फ येथें केवळ मागेंच गेला असें नाहीं. अठराव्या शतकांत तो आधीं वेगानें पुढें आला होता. हुना ट्लिंगिट लोकांचीं घरें तेव्हां या आखाताच्या जागीं होतीं. कुत्रें धांवतें तितक्या वेगानें बर्फ आला, असें त्यांच्या परंपरेंत सांगतात. घरेंदारें सोडून त्यांना जावें लागलें. २०१६ सालीं आखाताच्या तोंडाशीं बार्टलेट कोव्ह येथें त्यांचें कुलगृह पुन्हां उभें राहिलें. हें ऐकून मातोश्रींनीं “बरं झालं,” म्हटलें, आणि पदर सांवरून घेतला. पहिल्या माघारीला मनुष्य कारण नव्हता; परंतु आज जगांत हिमनद्या ज्या वेगानें झिजत आहेत त्याला इंधन जाळणाऱ्या आपणां सर्वांचा हात आहे. त्यांत आमची बोटही आली. पाहावयास जाणारानेंच हें विसरून जावें हें बरें नव्हे.

पुढें एका वळणानंतर मार्जरी हिमनदी समोर उभी राहिली. रुंदी सुमारें एक मैल, लांबी २१ मैल, आणि पाण्यावर निघालेली भिंत सुमारें २५० फूट, म्हणजे वीसमजली इमारतींची एक सलग ओळच. घट्ट दाबलेला बर्फ प्रकाशांतला तांबडा भाग शोषून घेतो म्हणून निळा दिसतो, हें पुस्तकांत वाचलें होतें. पण तो निळा रंग आंतून उजळल्यासारखा असतो, हें पुस्तकानें सांगितलें नव्हतें. शेजारींच दगडमातीनें काळवंडलेली ग्रँड पॅसिफिक हिमनदी होती. ती हिमनदी आहे हें सांगावें लागलें. दहा मिनिटें तें दृश्य आमच्या कांचेच्या बरोबर मध्यभागीं होतें, आणि आम्हां दोघां भावांना कृतार्थ वाटलें.

मग कप्तानानें बोट थांबविली, आणि सर्व उतारूंना पाहतां यावें म्हणून ती जागच्या जागीं हळूहळू फिरविण्यास आरंभ केला. बर्फाची भिंत आमच्या खिडकींतून एका कडेला सरकली, आणि दिसेनाशी झाली. आमच्या वांट्याला उघडा खडक आला. इतक्यांत मुलें धांवत आलीं: “आजी, लवकर चल! आमच्या खोलींतून अगदीं समोर दिसतंय!”

चाकांची खुर्ची पुन्हां त्या बोळांतून गेली. बोट थांबलेली असल्यामुळें कुशीच्या सज्ज्यावर वारा नव्हता, आणि कठडा कांचेचा. शाल पांघरून मातोश्री तेथें अर्धा तास बसल्या. एकदां भिंतीचा एक मोठा कडा सुटला. तो पडतांना आधीं दिसला, आणि गडगडाट मागाहून आला. पाण्यावरचे बर्फाचे तुकडे डोलूं लागले. मातोश्रींनीं हात जोडले. त्यांनीं कोणाचें नांव घेतलें कीं काय, तें आम्हांला नीट ऐकूं आलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंही नाहीं.

परतीच्या वाटेवर त्या मोकळ्या समुद्रांत बोट शिरण्यापूर्वींच मातोश्री मध्यावर जाऊन निजल्या, आणि सकाळीं टवटवीत उठल्या. पेडण्याच्या मुलाला त्यांनीं उरलेला आलेपाक दिला, आणि त्याच्या मुलीसाठीं आपल्या हातानें विणलेली टोपी दिली. ती वस्तुतः धाकट्या नातवासाठीं आणलेली होती.

आतां ज्यांना अशा सफरीस जावयाचें आहे त्यांच्यासाठीं थोडेंसें. नाळेवरचें दालन घेण्यापूर्वीं वाटेंत मोकळा समुद्र किती तास लागतो तें विचारावें. सज्ज्याचा कठडा कांचेचा कीं पोलादाचा, आणि बसलेल्या माणसाला काय दिसतें, तें विचारावें. वरच्या व खालच्या मजल्यावर काय आहे तें पाहावें. नाटकगृह किंवा व्यायामशाळा असेल तर झोंप नाहीं, आणि बंदरांत नांगर टाकतांना सांखळीचा खडखडाट पहाटे उठवितो. रात्रीं पडदे ओढावे लागतील हें ध्यानांत ठेवावें. पुष्कळ बोटींवर अगदीं वरच्या मजल्यावर पुढें कांचेची सार्वजनिक बैठक असते. लवकर उठून तेथें जाणाऱ्यास हेंच दृश्य फुकट दिसतें. आणि सर्वांत आधीं, ज्यांच्यासाठीं खोली घ्यावयाची त्यांना विचारावें, आणि त्यांनीं उत्तर दिलें तर तें ऐकावें. नाळेवरच्या दालनाला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. सेमूर नॅरोजची रात्र आणि आखातांतली ती सकाळ आम्हांला दुसऱ्या कोठूनही तशी दिसली नसती.

घरीं आल्यावर एकदां जेवतांना आम्हीं मातोश्रींना विचारलें, “आई, पुन्हां गेलों तर खोली कुठली घ्यायची?”

“दिवसा पुढची, रात्रीं मधली,” त्या म्हणाल्या. “जागा धरली म्हणजे काय तिथंच खिळून बसायचं असतं? वळकटी बांधलेली असली कीं झालं.”